नवी वायर नक्को

सोलापुरात मी भाड्यानं राहायचे त्या घराला बेल नव्हती. कुणी आलं की त्यानं जिन्याच्या तोंडाशी असलेलं दिव्याचं बटण दाबायचं. जिन्यात एक जुना, मोठा, पिवळा दिवा होता. तो लागला की तळमजल्यावर घरमालकांच्या दुकानातला बल्ब क्षणभर मंद व्हायचा, आणि मोटारीच्या पोटात डोकं घालून बसलेले घरमालक मान वर न करता ओरडायचे, "कौन है? या, आत या!" भर दुपारी जिन्यात दिवा लावणारे पाहुणे बघून गल्लीतले लोक हसायचे. पण मी त्या घरात सहा वर्षं राहिले, आणि दार उघडलं नाही म्हणून कुणी परत गेल्याचं मला आठवत नाही.

मी पहिल्याच आठवड्यात न राहवून म्हटलं, "चाचा, साधी बेल बसवू या की. मी आणते."

ते असे दचकले की जणू मी घर पाडायला सांगितलं होतं. "नक्को! नवी वायर नक्को. जी वायर आहे ती बोलतेय ना? मग ती ऐकायची सोडून दुसरी कशाला, मॅडम?"

यात कंजूषपणा नव्हता, हे मला पुढं कळलं. दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय हा माणूस सोडायचा नाही, आणि चाचींनी एक वाटी शेंगाची चटणी दिली तर हे मागून दुसरी घेऊन यायचे. नवी वायर नको, हा त्यांचा हट्ट होता. जगात जे कळायला हवं ते आधीच कुठल्यातरी तारेतून वाहतंय, आपण फक्त बहिरे आहोत, असं त्यांचं मत होतं.

धंदा विजेच्या मोटारी भरण्याचा, म्हणजे त्यात तांब्याची तार गुंडाळण्याचा, वाइंडिंगचा. आमच्या भागातल्या निम्म्या यंत्रमागांच्या मोटारी त्यांच्या हातातून गेलेल्या. काटक अंगाचे, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा, खांद्यावर कायम एक टॉवेल. कारखान्यात गेले की आधी कुणाशी बोलायचे नाहीत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, "बेअरिंग पुढल्या महिन्यात जाईल. दिवाळी काढेल, पण घाई नक्को." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. खोटं निघालं की मोटारीवर रागवायचे.

सकाळी लोक चहाबरोबर पेपर वाचतात. चाचा चहाबरोबर मीटर वाचायचे. जिन्याखाली आम्हा सगळ्या भाडेकरूंचे मीटर ओळीनं लावलेले होते आणि प्रत्येकावर एक बारीक लाल दिवा लुकलुकायचा. बशीतला चहा फुंकत ते त्या दिव्यांसमोर उभे राहायचे आणि मी कॉलेजला निघाले की हमखास काहीतरी बोलायचे.

"मॅडम, मिक्सरमध्ये आज काय अडकलं होतं?"

"खोबरं."

"हौ, मला वाटलंच. दोनदा दम तोडला बिचाऱ्यानं. तुकडे बारीक करत जा."

मला तेव्हा फार राग यायचा. माणसानं आपल्या घरात खोबरं वाटलं हे घरमालकाला कशाला कळायला पाहिजे? समोरच्या खोलीतल्या बाई गावाला निघाल्यात हे यांना त्यांच्या इस्त्रीवरून आधी कळायचं आणि बाईंच्या नवऱ्याला नंतर. मी चाचींकडे तक्रार केली. चाची म्हणाल्या, "मेरी तो चाळीस साल से यही हालत है. मी हळूच गिझर लावला तरी बाहेरून ओरडतात, थोडं पाणी ठेवा म्हणून."

मग एका एप्रिलमध्ये माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. कारण सांगण्यासारखं नव्हतं, आणि मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि दीड दिवस नुसती पडून राहिले. दिवा नाही, पंखा नाही, चहा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. बाहेर चाचा आणि चाची. चाचींच्या हातात कडक भाकरी आणि चटणी.

"मीटर झोपलंय," चाचा दाराबाहेरूनच म्हणाले. "एप्रिल आहे. सोलापूर आहे. पंखा नाही म्हणजे काहीतरी झालंय."

काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. चाची आत येऊन माझ्याजवळ बसल्या. चाचा जिना उतरता उतरता एवढंच म्हणाले, "बेटा, आधी पंखा लाव, मग रड." मी उठून पंखा लावला आणि पोटभर रडले. त्यानंतर मीटरबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

एवढ्या धीट माणसाला एकाच गोष्टीची भीती होती, पाण्याची. लहानपणी कुठल्याशा विहिरीत पडले होते म्हणे. घरात बादली अर्ध्याच्या वर भरायची नाही असा नियम होता. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कडेनं जायची वेळ आली की रिक्षा लांबून न्यायला लावायचे. पाऊस बघायला त्यांना आवडायचं, पण खिडकीच्या आतून.

आणखी एक सांगते, कारण त्याचा पुढं संबंध आहे. एकदा छातीत दुखलं म्हणून चाची त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी छातीला चकत्या चिकटवून कार्डिओग्राम काढला. चाचांना स्वतःच्या छातीची काळजी वाटायची सोडून त्या यंत्राचाच लळा लागला. "आत काही घातलं नाही! सुई नाही, वायर नाही! जे आतून येतंय तेच ऐकलं!" असं त्यांनी तिथल्या सगळ्या पेशंटना सांगितलं. मग डॉक्टरांना पिडून त्या रेघेतला एकेक उंचवटा समजून घेतला. डॉक्टर म्हणाले होते की रेघ किती खाली गेली एवढंच बघायचं नसतं, कशी गेली आणि कशी वर आली तेही बघायचं असतं. ती पट्टी चाचांनी घडी करून पाकिटात ठेवली. गोळ्या मात्र चाचींनाच आठवणीनं द्याव्या लागायच्या.

आता बोटीची गोष्ट.

चाचांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. त्यांचा यंत्रमागांचा कारखाना होता, शिवाय केमजवळ शेती. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, ते बघायला लांबून माणसं येतात, म्हणून मालकांनी करमाळ्याच्या बाजूला एक मोटारबोट ठेवली होती. बोट चालवायला तात्या. तात्या पन्नाशी ओलांडलेले, त्याच पाण्याकाठच्या गावातले. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि गावानं वर नवी घरं बांधली. तेव्हापासून ते होडीत होते, आणि अलीकडे मालकांच्या बोटीवर.

असल्या बोटीची मोटार मागच्या कठड्याला अडकवलेली असते. इंजिन वर, खाली पाण्यात एक दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पंखा. पाणी उतरायला लागलं की खालच्या जुन्या भिंती, झाडांची खोडं वर येतात आणि पंखा त्यांना धडकतो. एका मोसमात मालकांचा पंखा दोनदा तुटला आणि आतले दातेही गेले. मालकांचं म्हणणं, तात्या बेफिकिरीनं चालवतो आणि धडक लपवतो. तात्यांचं म्हणणं, माझ्या हातनं कधी लागलीच न्हाय.

एक दिवस जिन्यातला दिवा लागला आणि मालक मोडका पंखा पोत्यात घालून दुकानात आले. "चाचा, ह्याला काहीतरी सेन्सर बसवून द्या. टक्कर झाली की मला कळलं पाहिजे. आता पुन्हा झालं तर मी तात्याला काढणार."

"सेन्सर म्हणजे नवी वायर," चाचा म्हणाले. "नक्को. मोटार दाखवा."

मोटार दुकानात आली. चाचा दोन दिवस तिच्याभोवती फिरले आणि तिसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. इंजिनावरच्या झाकणाखालून निघालेल्या एका करड्या तारेवर त्यांनी बोट ठेवलं. "हे बघ बेटा. आत चुंबक फिरतं. त्याच्याखाली माझ्या वाइंडिंगसारख्या गुंडाळ्या आहेत. चुंबक फिरलं की ह्या तारेतून ठोके येतात, टक टक टक. पुढं वेगाचा काटा आहे ना, तो ह्या ठोक्यांवरच चालतो. आता पंख्याला काही अडलं की इंजिन अडखळणार. इंजिन अडखळलं की चुंबक अडखळणार. मग ठोके अडखळणार. वायर बोलतेच आहे. आपण कान लावायचा."

"पण तुमच्या डब्यापासून ह्या तारेपर्यंत नवी वायर लागेलच की," मी म्हटलं.

"ती वायर नाही. तो कान आहे," चाचा म्हणाले, आणि डब्यावर खडूनं मोठ्या अक्षरात 'कान' असं लिहिलं.

डब्यातला प्रोग्रॅम मी लिहिला. ठोके मोजायचे. ते निम्म्याच्या खाली गेले आणि काही वेळ खालीच राहिले तर डब्यानं वाजायचं आणि आतल्या कार्डावर वेळेसकट 'टक्कर' असं नोंदवायचं. क्षणभराची फडफड सोडून द्यायची, कारण तार हलली तरी ठोका चुकतो. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. दोन आठवड्यांनी कार्ड आलं, मी कागद छापले आणि कौतुक आणखी वाढलं. रोज जाताना अकराव्या मिनिटाला टक्कर. येताना पुन्हा त्याच जागी टक्कर. बारा दिवस, चोवीस टकरा. मध्ये दोन गुरुवार मात्र एकदम स्वच्छ.

"गुरुवारी तात्या करमाळ्याला लेकीकडे जातो," मालक म्हणाले. "त्या दिवशी मी स्वतः पाहुण्यांना घेऊन जातो. बघा, माझ्या हातून एकही नाही!"

त्यांनी तात्यांना दुकानात बोलावून घेतलं होतं. तात्या हातात टोपी घेऊन, मोटारींच्या ढिगात जागा करून उभे होते. मालकांनी कागद त्यांच्यापुढं धरला. "तात्या, अकराव्या मिनिटाला काय होतं? खरं सांगा."

तात्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. "काय न्हाय."

"काय नाही कसं? रोज त्याच जागी आदळता, आणि काय नाही?"

"आदळत न्हाय, मालक."

"मग काय होतं?"

तात्यांनी टोपीची कड चाचपली. दोनदा विचारलं तरी गप्प. खरं सांगते, मला त्या वेळी ते खोटं बोलताहेत याची खात्री पटली. मालक म्हणाले, "रविवारपर्यंत चालवा. सोमवारपासून दुसरा माणूस येतोय."

तात्यांनी टोपी घातली आणि चाचांना विचारलं, "ह्या डब्यानं माजं नाव घेतलं व्हय?"

चाचा म्हणाले, "वायर खोटं बोलत नाही, तात्या."

"मग आसंल," तात्या म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले. चाचींनी त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच राहिला.

दोन आठवडे बोटीला असलेला पंखा मालकांनी पुरावा म्हणून काढून पोत्यातून आणायला लावला होता. पण कागदावरच काम भागलं, पोतं कुणी उघडलंच नाही. ते गेल्यावर चाचांनी उघडलं. पंखा मांडीवर घेऊन ते एकेका पात्यावरून बोट फिरवत बसले. मी वर गेले, जेवले, तास दोन तासांनी खाली आले, तर तसेच बसलेले.

"बेटा, चोवीस टकरा आणि ओरखडे फक्त दोन?"

मी माझ्या प्रोग्रॅमची बाजू मांडली. मऊ चिखल असेल, गवत असेल. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी त्याला तोंडावर सांगितलं, वायर खोटं बोलत नाही. माझ्या शब्दावर त्याची रोजी जातेय. आता मला जायला पाहिजे."

"कुठं?"

"पाण्यात," चाचा म्हणाले. आतून चाचींच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला.

लाइफ जॅकेट त्यांनी आदल्या दिवशीच मालकांच्या ड्रायव्हरकडून मागवून घेतलं आणि सोलापूर स्टेशनावरच अंगात चढवलं. केमपर्यंत पॅसेंजरमध्ये ते नारिंगी जॅकेट घालून खिडकीपासून लांब बसले होते. समोरच्या माणसानं विचारलं, "काका, पूरबीर आलाय का कुटं?" चाचा म्हणाले, "नाही. मीच चाललोय त्याच्याकडे." मी दुसरीकडे बघत होते.

काठावर तात्या बोट घेऊन उभे होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला नाही, पण त्यांनी चाचांना हात धरून बोटीत घेतलं, मधल्या फळीवर बसवलं आणि म्हणाले, "दोनी हातांनी धरा. पानी लई शांत हाय आज." चाचांनी दोन्ही हातांनी फळी धरली आणि डोळे घट्ट मिटले. मी मांडीवर डबा आणि हातात घड्याळ घेऊन बसले. मोटार सुरू झाली.

अकरावं मिनिट लागलं आणि आवाज उतरू लागला. तात्यांनी वेग हळूहळू कमी केला, मग किल्ली फिरवून मोटार बंद केली. बोट आपल्या वेगानं पुढं सरकत राहिली. तात्यांनी टोपी काढली, वाकून पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. माझ्या मांडीवरचा डबा जोरजोरात वाजत होता.

चाचांनी एक डोळा उघडला. "मोटार बंद पडली?"

"न्हाय. मीच केली."

"का?"

तात्यांनी टोपी मांडीवर ठेवली. बोट सरकतच होती. मग म्हणाले, "खाली भैरोबा हाय. जुन्या गावचा. मूर्ती वर आनली, नवं देऊळ बांदलं, पर जागा तितंच हाय की. आजानं सांगितलंय, देवाच्या डोक्यावरनं मशीन न्यायचं न्हाय. वल्ह्याच्या होड्या व्हत्या तवाबी आमी हितं वल्हं वर घ्यायचो."

"मग हे मालकांना का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बाई, मालकानं ताकीद दिलीया, मदी मोटार बंद करायची न्हाय. एकदा सुरू झाली न्हवती, तासदीड तास पावनं आडाकलं. आता मी सांगितलं आस्तं तर ते म्हनलं आस्तं, बंद करू नगंस. मालकाचं तोंडावर मोडायचं, का देवाचं? त्यापरीस गप बसलेलं बरं."

मला अतिशय लाज वाटली. एका माणसाचा नमस्कार मी बारा दिवस 'टक्कर' म्हणून छापला होता, आणि त्याला समोर उभा करून त्याचा जाब विचारताना मी तिथं होते.

मोटार पुन्हा सुरू व्हायच्या आत चाचांनी फळीवरचा एक हात सोडला, फार हळूहळू बाहेर काढला आणि एक बोट पाण्याला लावलं. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, बंद पडलेलं आणि बंद केलेलं, आपण दोन्ही एकच लिहिलं. वायर बरोबर बोलत होती. आपल्यालाच ऐकू आलं नाही."

घरी आल्यावर त्यांनी पाकिटातून कार्डिओग्रामची पट्टी काढली आणि बोटीच्या कागदाशेजारी ठेवली. मी 'टक्कर' हा शब्द काढून टाकून ठोक्यांच्या नुसत्या रेघा छापल्या. तात्यांच्या नमस्काराची रेघ उतारावरून चालल्यासारखी सावकाश खाली यायची, तळाला पोचायची आणि काही वेळानं पुन्हा चढायची. कुठंही धक्का नाही. चाचा म्हणाले, "आता गुरुवार काढ." गुरुवारच्या रेघा मी क्षणभराची फडफड म्हणून गाळल्या होत्या. दोन्ही गुरुवारी, पक्षी असतात त्या उथळ भागाजवळ, रेघेत सुईनं टोचल्यासारखी एकेक खोल खाच होती. एकदम खाली, एकदम वर.

दोन गुरुवार. पंख्यावर दोन ओरखडे.

"मालकांना फोन करते," मी म्हटलं.

"नक्को. आपण नाही सांगायचं. वायर सांगेल. तू प्रोग्रॅम दुरुस्त कर. एकदम खाच पडली तरच डबा वाजला पाहिजे."

रविवार तात्यांचा शेवटचा दिवस. मालक चार पाहुण्यांना घेऊन आले होते. चाचा नारिंगी जॅकेटात हजर. जाताना भैरोबा लागायच्या आधीच चाचांनी मालकांना पाहुण्यांशी यंत्रमागाबद्दल बोलायला लावलं होतं, आणि ते बोलण्यात इतके रंगले की बोट गप्प झालेली त्यांच्या ध्यानातच आली नाही. डबाही वाजला नाही. मला हायसं वाटलं.

पुढं पाणी मोकळं झालं तेव्हा चाचा म्हणाले, "मालक, जरा तुमच्या हातानं चालवून दाखवा की. मला डबा तपासायचाय."

मालक खूश झाले. पाहुण्यांसमोर कुणाला आवडणार नाही? तात्या बाजूला सरकले, मालकांनी मोटारीची मूठ धरली आणि बोट सरळ फ्लेमिंगोंच्या दिशेनं घातली. तात्या म्हणाले, "मालक, तिकडं नगं, तितं जुनी भिताडं हायती." मालक म्हणाले, "मी दर गुरुवारी जातो तात्या. पाहुण्यांना जवळून दिसले पाहिजेत."

खालून ठक्क आवाज झाला. त्याच क्षणी डबा वाजला.

त्या आनंदात चाचा विसरले की आपण पाण्यावर आहोत. ते डबा घेऊन ताडकन उभे राहिले, "वाजला!" म्हणाले, बोट हलली आणि चाचा पाण्यात. चार पाहुणे किंचाळले. मीही किंचाळले. तात्यांनी उडी टाकायला पाय उचलला तोच चाचा उभे राहिलेले दिसले. पाणी त्यांच्या कमरेएवढं होतं. दोन्ही हातांनी डबा डोक्यावर धरून, कपाळावरचा चष्मा एका कानाला लटकलेला, जन्मभर अर्ध्या बादलीला भिणारा तो माणूस उजनीच्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, "वाजला! वाजला! तात्या, वाजला!" त्या आवाजानं समोरचे सगळे फ्लेमिंगो एकदम उडाले. पाहुण्यांना हवा तो फोटो मिळाला.

तात्यांनी मोटार वर उचलली. पंख्याच्या एका पात्यावर ताजा, पांढरा ओरखडा होता. मालकांनी तो बघितला. मग डब्याकडे बघितलं. मग बराच वेळ उडालेल्या पक्ष्यांकडे बघत राहिले. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "तात्या, उद्या सकाळी किती वाजता निघायचं म्हणता?"

"नेमीपरमानं की," तात्या म्हणाले.

येताना बोट तात्यांनी चालवली. भैरोबाच्या जागी मोटार गप्प झाली तेव्हा मालकांनी तोंड उघडलं. समोर ओलेचिंब चाचा बसले होते. त्यांनी मालकांकडे नुसतं बघितलं. मालकांनी तोंड मिटलं आणि थोडं थांबून पाण्याला हात लावला. पुढच्या गुरुवारपासून मालकांनी स्वतः बोट चालवणं सोडलं, आणि तात्यांनीही करमाळ्याला जाण्याऐवजी लेकीलाच काठावर बोलावून घेतलं, म्हणजे तिलाही बोट बघायला मिळाली.

मी पुढं पुण्याला आले. चाचा गेल्याला आता दोन हिवाळे झाले. छातीचंच निमित्त झालं. चाचींचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि का कोण जाणे, आधी उठून मिक्सर बंद केला. मला त्या माणसाची फार आठवण येते. माझ्या घराला सुंदर आवाजाची बेल आहे. ती वाजली की दरवेळी मला थोडं अपराध्यासारखं वाटतं.

यंदा जानेवारीत मी मुद्दाम उजनीला गेले. बोट तीच होती. तात्या थोडे वाकले होते. मागच्या कठड्याजवळ डबा होता, आणि त्यावरचा खडू पुसला जाऊ नये म्हणून कुणीतरी त्या अक्षरांवरून रंग दिला होता. कान.

अकराव्या मिनिटाला मोटार गप्प झाली. तात्यांनी टोपी काढली. मीही पाण्याला हात लावला. पुन्हा मोटार सुरू झाली आणि आम्ही पक्ष्यांच्या बाजूला निघालो. उथळ भागाच्या कडेनं वळसा घेताना आवाज पुन्हा उतरला आणि मोटार दुसऱ्यांदा बंद झाली. मी इकडं तिकडं बघितलं. देऊळ नाही, खूण नाही, नुसतं सपाट पाणी.

"तात्या, इथं काय आहे?"

"हितं चाचा पडलं हुतं की," तात्या म्हणाले. "त्येंच्या डोक्यावरनं मशीन कसं न्यायचं?"

बोट आपल्या वेगानं सरकत राहिली. डबा काही वाजला नाही.